पॅप म्हणजे पाप नव्हे



आज आपण एका छोट्याशा शब्दाबद्दल बोलणार आहोत. तपासणी शिबिरात सिस्टर सांगतात, "ताई, पॅप करून घ्या." आपल्या कानावर पडतं ते 'पाप'. मग मनात येतं, माझं कसलं पाप? मी काय केलं? तपासणी कमरेखालची, म्हणजे आधीच लाजेची. त्यात नाव असं. काही बायका विचारतात, बऱ्याच जणी विचारतही नाहीत. पदर सावरतात आणि घरची वाट धरतात.

म्हणून आधी हे सांगून टाकते. पॅप हे एका माणसाचं नाव आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ. एवढं लांबलचक नाव लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून त्याचं झालं 'डॉक्टर पॅप'. त्यांनी शोधलेली ती पॅप तपासणी, आणि पेशी दिसाव्यात म्हणून त्यांनी बनवलेला रंग तो पॅप रंग. पापपुण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वैद्यकात अशी माणसांची नावं पुष्कळ आहेत. कुष्ठरोगाचंच बघा. आपल्याकडे त्याला महारोग म्हणत, मागच्या जन्मीचं पाप म्हणत, माणसाला गावाबाहेर काढत. १८७३ मध्ये नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी त्याचा जंतू पाहिला. तेव्हापासून कळलं की हा जंतूमुळे होणारा रोग आहे, शाप नव्हे. आज डॉक्टर त्याला 'हॅन्सनचा आजार' असंही म्हणतात, कारण जुन्या नावाला चिकटलेली घृणा नव्या नावाला नाही. एका नावाने माणूस गावाबाहेर जातो, दुसऱ्या नावाने तोच माणूस दवाखान्यात जातो. नावाला एवढं महत्त्व असतं.

आता या डॉक्टर पॅपची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १८८३ सालचा, ग्रीस देशातल्या एका बेटावरच्या किमी गावचा. वडील डॉक्टर होते. मुलगाही डॉक्टर झाला, पण त्याचं मन संशोधनात होतं. १९१३ मध्ये तो आणि त्याची बायको अँड्रोमाकी अमेरिकेत न्यूयॉर्कला उतरले. ओळखपाळख नाही, इंग्रजी धड येत नाही, खिशात मोजके पैसे. डॉक्टर शिकलेला नवरा दुकानात गालिचे विकायला उभा राहिला आणि अँड्रोमाकी शिवणकाम करू लागली. पोटासाठी घर सोडून शहरात आलेली माणसं आपण नवी मुंबईत रोज बघतो. ही दोघं त्यातलीच म्हणा ना.

पुढे वर्षभरात दोघांनाही कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. तो संशोधक, ती त्याची मदतनीस. तिथे ते गिनीपिग या छोट्या प्राण्यावर प्रयोग करत होते. मादीची बीजं कधी पिकतात हे कळण्यासाठी एरवी तिला मारून बघावं लागे. पापानिकोलाऊंना वाटलं, मारायचं कशाला? त्यांनी मादीच्या योनिमार्गातला थोडा स्राव घेतला, काचेच्या पट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाळीच्या चक्राप्रमाणे त्यातल्या पेशींचं रूप बदलत होतं. शरीर न कापता आतली खबर बाहेर कळत होती.

मग प्रश्न आला, बायकांमध्येही असंच दिसेल का? त्या काळात असा नमुना द्यायला कोण तयार होणार? अँड्रोमाकी तयार झाली. एक-दोन दिवस नव्हे, वीसएक वर्षं ती नवऱ्याला नमुने देत राहिली. प्रयोगशाळेत काम तिचं, घरात काम तिचं, आणि ज्या पेशी पाहून हे शास्त्र उभं राहिलं त्या पेशीही तिच्याच. तिने आपल्या मैत्रिणींनाही नमुने द्यायला तयार केलं. नाव मात्र पॅपचं झालं. आपल्याला यात नवल वाटणार नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेतात राबणारे हात दुसऱ्याचे, हे आपण बघतोच. म्हणून पॅप हा शब्द ऐकलात की अँड्रोमाकीचीही आठवण ठेवा.

निरोगी बायकांचे आणि आजारी बायकांचे नमुने शेजारी शेजारी ठेवताना पापानिकोलाऊंना काही पेशी वेगळ्याच दिसल्या. पेशीचं केंद्र मोठं, काळपट, वेडंवाकडं. त्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी होत्या. १९२८ मध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडलं. त्याच सुमाराला युरोपात रुमानियातल्या ऑरेल बाबेश या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे असंच काहीसं दाखवलं होतं. पण मोठमोठ्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. त्यांचं म्हणणं, गाठीचा तुकडा काढून तपासता येतोच, मग हे कशाला? तुकडा काढण्यासाठी आधी गाठ किंवा जखम दिसावी लागते आणि तोवर उशीर झालेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढे हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर काम करून १९४३ मध्ये पापानिकोलाऊंनी पुस्तक काढलं, तेव्हा कुठे जगाला पटलं.

ही तपासणी काय आहे ते आता समजून घेऊ. गर्भपिशवीचं तोंड योनिमार्गात आत असतं. डॉक्टर किंवा सिस्टर एक साधन घालून ते तोंड नीट दिसेल असं करतात. मग लाकडी चपट्या काडीने किंवा छोट्या ब्रशने तिथे हलकेच फिरवून पेशी गोळा करतात. कापाकापी नाही, टाके नाहीत, भूल नाही. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, पाच मिनिटांत काम होतं. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत. त्याआधी दोन दिवस आत औषध लावू नये आणि संबंध टाळावा.

गोळा केलेल्या पेशी काचेवर पसरतात आणि पॅप रंगात बुडवतात. या रंगाने पेशीचं केंद्र निळं-जांभळं होतं आणि भोवतालचा भाग कुठे हिरवट-निळा, कुठे गुलाबी, कुठे केशरी दिसतो. पैठणीच्या पदरावर जसे रंग वेगवेगळे उठून दिसतात तशा पेशी उठून दिसतात, आणि चुकार पेशी डोळ्यांत भरते. हे बघण्याचं काम ज्या शास्त्राचं, त्याला पॅथॉलॉजी म्हणतात. रक्त, पेशी, मांसाचे तुकडे पाहून रोग ओळखायचं शास्त्र. आपल्याला पॅथॉलॉजिस्ट कधी भेटत नाहीत, पण आपल्या रिपोर्टवर खाली सही असते ती त्यांची.

आता त्या रिपोर्टकडे येऊ, कारण खरी भीती तिथेच आहे. त्यावर इंग्रजी अक्षरं असतात. त्यातली काही ओळखीची करून घेऊ.

'एनआयएलएम' लिहिलं असेल तर कॅन्सरच्या किंवा कॅन्सरआधीच्या पेशी दिसल्या नाहीत. हा चांगला रिपोर्ट.

'इन्फ्लमेटरी' म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग. पांढरं जाणं, खाज, आग यांबरोबर हे दिसू शकतं. डॉक्टर तपासून लागतील ती औषधं देतात. हा कॅन्सर नव्हे.

'एएससीयूएस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की काही सांगता येत नाही. पुढची तपासणी करायची किंवा ठरलेल्या मुदतीने पुन्हा बघायचं.

'एलएसआयएल' म्हणजे सौम्य बदल. असे बदल बरेचदा आपोआप जातात, पण लक्ष ठेवावं लागतं.

'एचएसआयएल' म्हणजे जास्त बदल. हाही अजून कॅन्सर नव्हे, पण सोडून दिला तर होऊ शकतो. इथे अजिबात चालढकल करायची नाही. दुर्बिणीसारख्या यंत्रातून, म्हणजे कॉल्पोस्कोपीने, तो भाग बघतात, तुकडा तपासतात आणि खराब झालेला तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा तारेने काढून टाकतात. बहुतेक वेळा पिशवी शाबूत राहते.

ही अक्षरं मी एवढी समजावून का सांगते आहे? मैत्रिणींनो, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोटात दुखतं, पांढरं जातं म्हणून बाई जाते, "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" असं ऐकते आणि घाबरून हो म्हणते. ऑपरेशनसाठी कर्ज काढते. कमी वयात पिशवी आणि बीजकोष काढले तर हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा येणं, थकवा अशी दुखणी मागे लागू शकतात. कॅन्सरच्या नुसत्या भीतीने पिशवी काढू नये. रिपोर्टवर काय लिहिलंय, ते विचारण्याचा हक्क तुमचा आहे. सूज असं लिहिलेलं असताना कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं, तर तोच कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

हा कॅन्सर होतो कशामुळे? एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी हे दाखवलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतो. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो. थोड्या जणींच्या अंगात तो वर्षानुवर्षं टिकतो आणि मग पेशी बदलतात. बदल सुरू झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे बाईच्या चारित्र्याचा इथे प्रश्नच नाही. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही हा होऊ शकतो. पाप नाही ते इथेही नाही. आणि ती दहा-पंधरा वर्षं म्हणजे पकडायला मिळालेली भली मोठी सवड आहे.

मग गावोगाव पॅपच का करत नाहीत? कारण पॅपला लॅब लागते, रंग लागतो, पेशी ओळखणारी तयार नजर लागते. रिपोर्ट यायला दिवस जातात आणि बाईला पुन्हा यावं लागतं. मजुरी बुडवून एकदा आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असं नाही. म्हणून आपल्याकडे दुसरी सोपी तपासणी निघाली. तिला 'व्हीआयए' म्हणतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पाण्यात सौम्य करून पिशवीच्या तोंडावर लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. उत्तर तिथल्या तिथे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टर सुरेंद्र शास्त्री यांनी सुमारे दीड लाख बायकांमध्ये याचा मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आपल्यासारख्याच बायका होत्या. दर दोन वर्षांनी तपासणी झाली. बारा वर्षांनी बघितलं तर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत झाला. १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. तिथे एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर वाचले गेले. धाराशिवच्या बायकांनी जगाला शिकवलं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या नवी मुंबईकडे येते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कॅन्सर संशोधन संस्था आहे. लोक तिला 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणतात. तिथल्या संशोधनाच्या इमारतीचं नाव आहे 'खानोलकर शोधिका'. उपचारासाठी आलेली माणसं ती पाटी वाचून पुढे जातात. हे खानोलकर म्हणजे डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. लंडनला शिकून ते मुंबईत परतले, वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं, १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी घेतली. पुढे १९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या हातून. तीच संस्था वाढत वाढत खारघरला आली.

खानोलकरांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पेशी बघताना ते माणूस विसरत नसत. हा कॅन्सर कुणाला होतो, तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे ते विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक लेख लिहिला. सवयींमुळे होणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात होते. घट्ट धोतराने कमरेवर होणारा, खालच्या ओठाच्या आत खैनी धरून होणारा आणि चुट्टा पेटतं टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा. त्या आजारांना 'धोतराचा कॅन्सर', 'खैनीचा कॅन्सर', 'चुट्ट्याचा कॅन्सर' अशीच नावं रूढ झाली. शोधणाऱ्याचं नाव त्यात नाही, पण नाव घेतलं की कारण कळतं आणि काय सोडायचं तेही कळतं.

धोतराचं ऐकून तुमचा हात कमरेकडे गेला असेल. बरोबर आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची माहिती छापली. एकीची परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेली. दुसरी परकराशिवाय लुगडं कसून नेसणारी. कमरेवर आधी काळा वण, मग खपली, मग न भरणारी जखम, आणि शेवटी तिथेच त्वचेचा कॅन्सर. दुसरीला तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. अशा जुन्या जखमेतून होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टरांच्या भाषेत 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात. मार्जोलिन हे फ्रान्सचे सर्जन. १८२८ मध्ये त्यांनी जुन्या वणांवर होणाऱ्या जखमांचं वर्णन केलं होतं. घाबरू नका, साडीने होणारा कॅन्सर अगदी क्वचित दिसतो. पण नाडीचे वळ तर घरोघरी आहेत. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, बांधायची जागा वरखाली करा, घरी असताना सैल कपडे घाला. आणि कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही तर हळद-तेल लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

खानोलकरांच्या हाताखाली एक पुण्याची मुलगी पीएच.डी. झाली. कमल रणदिवे. परळच्या संस्थेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनांच्या कॅन्सरवर काम केलं. १९७३ मध्ये त्यांनी मैत्रिणींना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचं मुख्य ठिकाण आपल्या वाशीत आहे. निवृत्तीनंतर बाई अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी बायका-मुलांच्या आरोग्यासाठी फिरल्या.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. सरकारी योजनेनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तीन ठिकाणची तपासणी करायची असते: तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड. ही सोय आरोग्य केंद्रात असते, खर्च पडत नाही. आशाताईंना तारीख विचारा. वयात येणाऱ्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. ती ९ ते १४ वर्षांच्या वयात सगळ्यात चांगली लागू पडते. तिच्याबद्दलही केंद्रात विचारा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर मागचा रिपोर्ट चांगला असला तरी थांबू नका, लगेच जा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. बचतीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तपासणीची तारीख लिहा. फक्त तारीख. रिपोर्टमध्ये काय आलं ते जिचं तिच्यापाशी राहू द्या. जिच्या नावापुढची जागा रिकामी आहे, तिच्याबरोबर दोघीजणी जा. आणि वाटेत ती म्हणाली, "अगं, पाप-टेस्ट म्हणजे काय गं?" तर तिला अँड्रोमाकीची गोष्ट सांगा.